भाव मिळून, उचल ज्याची त्याची

मे २०२१ मध्ये मुंबई महानगरपालिकेने जगभरातल्या पुरवठादारांसाठी एक जाहिरात दिली. कोविडप्रतिबंधक लशीच्या एक कोटी मात्रा हव्या होत्या. पालिकेकडे पैसे नव्हते असे नाही. त्या वर्षीचा तिचा अर्थसंकल्प ३९ हजार कोटी रुपयांच्या वर होता आणि देशातल्या काही छोट्या राज्यांना तो ऐकूनच घाम फुटला असता. मुदत दोनदा वाढवली. जे प्रस्ताव आले ते बहुतेक मध्यस्थांचे होते, आणि उत्पादकाशी आपला करार झाल्याची कागदपत्रे त्यांना देता येईनात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पालिकेने ही सारी प्रक्रिया गुंडाळली. पदरात एकही मात्रा पडली नाही.

त्याच आठवड्यांत अनेक राज्ये अशाच जागतिक निविदा काढून बसली होती. मॉडर्ना आणि फायझर या कंपन्यांनी पंजाब आणि दिल्लीला सरळ कळवले, की आम्ही बोलू ते फक्त केंद्र सरकारशी. घरच्या लशीची कथाही फारशी वेगळी नव्हती. पुण्यात तयार होणारी कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० रुपयांना आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना मिळत होती. कुपी तीच, कारखाना तोच. फरक होता तो मागणारा कोण आणि किती जणांच्या वतीने मागतो, एवढाच. ७ जूनला पंतप्रधानांनी जाहीर केले, की ७५ टक्के लस केंद्रच खरेदी करील आणि राज्यांना मोफत देईल. हा प्रयोग महिना-सव्वा महिना चालला. स्थानिक संस्थांनी एकेकट्याने बाजारात उतरायचे म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ धडा आपल्याकडे क्वचितच मिळाला असेल. मात्र महासाथीतली गोष्ट म्हणून आपण तो विसरून गेलो.

मला त्या धड्यात रस आहे तो साध्या दिवसांसाठी. निविदांच्या जाहिराती वाचण्याची मला जुनी खोड आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपातल्या त्या चौकटी बहुतेक लोक ओलांडून पुढे जातात. मी थांबतो. एका नगरपरिषदेला पथदिवे हवे असतात, शेजारच्या नगरपरिषदेला पंधरा दिवसांनी तेच दिवे हवे असतात. एका जिल्हा परिषदेची औषधांची यादी दुसरीच्या यादीशी तीन-चतुर्थांश जुळते. महाराष्ट्रात ३४ जिल्हा परिषदा आहेत, २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत, शिवाय महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती. यातली प्रत्येक संस्था कायद्याने स्वतंत्र ग्राहक आहे. आणि गंमत अशी, की हे सारे ज्या राज्यात घडते त्या राज्याला सहकार शिकवायची गरज नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० मध्ये शेतकऱ्यांना एकत्र येऊन ऊस गाळायला आणि साखर विकायला शिकवले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने मध्यमवर्गीय घरांना एकत्र येऊन वाणसामान घ्यायला शिकवले: शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, प्रत्येकाने भरलेली महिन्याची मागणीयादी, घाऊक खरेदी, आणि मग एकाच्या घरी आलेला माल सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. शेतकऱ्यांना आणि गृहिणींना जे जमले, ते आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना का जमू नये, हा माझा प्रश्न आहे. मोठी मागणी म्हणजे कमी भाव, एवढेच त्याचे उत्तर असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते.

आधी भाव कसा ठरतो ते पाहू. एखाद्या जिल्हा परिषदेला पॅरासिटामॉलच्या गोळ्या हव्या आहेत. निविदा भरणारा पुरवठादार दर लिहितो तेव्हा त्यात गोळीची किंमत आणि वाहतूक असते, हे उघड आहे. पण त्या दरात न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. बयाणा रक्कम आणि नंतरची सुरक्षा ठेव अडकून पडणार, तिचे व्याज. चौतीस ठिकाणी चौतीस तऱ्हेची कागदपत्रे जोडणाऱ्या माणसांचा पगार. मागणी नेमकी किती येईल याची खात्री नाही, त्याचा भार. आणि सर्वांत मोठी गोष्ट, देयक कधी निघेल. समजा पैसे आठ महिन्यांनी मिळणार आहेत आणि त्याला भांडवल वर्षाला १२ टक्क्यांनी पडते. म्हणजे दर शंभर रुपयांमागे आठ रुपये त्याने आधीच दरात मिळवले. ते आठ रुपये कुणी खाल्ले नाहीत. कुठल्याही चौकशी समितीला ते सापडणार नाहीत. उशिराची ती किंमत आहे आणि ती आपणच देतो. त्यातून चांगले उत्पादक अशा निविदांकडे फिरकत नाहीत. वाट पाहण्याची ताकद असलेले किंवा वाट पाहावी न लागण्याची सोय केलेले, असे दोनच प्रकारचे लोक मागे उरतात.

टक्केवारीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी थोडक्यात बोलतो. छोटी खरेदी लपवायला सोपी असते. ठराविक रकमेच्या वर गेले की ई-निविदा काढावी लागते, म्हणून मागणीचे तुकडे पाडायचे. त्याखाली तीन दरपत्रके पुरतात; ती तिन्ही एकाच संगणकावर तयार झालेली असतात आणि कधी कधी तिन्हींत शुद्धलेखनाची चूकही तीच असते. मार्च महिना उजाडला की अनुदान परत जाऊ नये म्हणून जे मिळेल ते घ्यायचे. जूनमध्ये लागणारी औषधे मार्चमध्ये येऊन पडतात, आणि त्यांतली काही पुढच्या मार्चच्या आत मुदतबाह्य होतात.

आता तामिळनाडू. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याहून वेगळी स्थिती नव्हती. आरोग्य खात्याची वेगवेगळी संचालनालये आपापली औषधे घेत होती, खरेदीतल्या गैरव्यवहारांच्या आरोपांनी सरकार हैराण होते, आणि सरकारी दवाखान्यात औषध नसणे ही सवयीची गोष्ट होती. जुलै १९९४ मध्ये तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले आणि १९९५ मध्ये त्याने खरेदी सुरू केली. एस. पूर्णलिंगम हे सनदी अधिकारी त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. या महामंडळाचे कौतुक करणारे अहवाल पुष्कळ आहेत आणि त्यांत ‘केंद्रीय खरेदी’ हा शब्द वारंवार येतो. माझ्या मते तो शब्द दिशाभूल करणारा आहे. तिथे काय काय एकत्र केले आणि काय मुद्दाम एकत्र केले नाही, हे बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिल्यांदा यादी एकत्र केली. डॉक्टरांची समिती बसवून अत्यावश्यक औषधांची सुमारे अडीचशे नावांची यादी ठरवली. औषधे मूळ रासायनिक नावानेच मागवायची, कंपनीच्या नावाने नाहीत. हे ऐकायला सोपे आहे, करायला भयंकर कठीण. प्रत्येक रुग्णालयातल्या प्रत्येक वरिष्ठ डॉक्टरचे एक लाडके औषध असते. दहा खोकल्यांची दहा औषधे काढून तिथे दोन ठेवायची म्हणजे आठ जणांची नाराजी ओढवून घ्यायची. पण यादी लांबली की प्रत्येक औषधाची मागणी विरळ होते आणि एकत्र येण्याचा फायदाच उरत नाही. दिल्लीतही १९९४ च्या सुमारास डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या पुढाकाराने हेच झाले होते. आधी यादी आणि मग एकत्र खरेदी, हा क्रम दोन्हीकडे सारखा.

मग भाव एकत्र केला. निविदा दोन लिफाफ्यांची. पहिल्यात उत्पादकाची पात्रता: परवाना, उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र, उलाढाल, किती वर्षे माल बाजारात आहे ते. दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा पार पडला नाही तर दुसरा उघडायचाच नाही. दर भरायचा तो थेट उत्पादकाने किंवा थेट आयातदाराने. मधल्या दलालाला जागा नाही. सर्वांत कमी दर आला की त्याच दराने पुरवठा करायची इतरांनाही संधी द्यायची, म्हणजे एकाच कारखान्यावर सारे राज्य लटकत राहत नाही.

तपासणी एकत्र केली, आणि हा भाग मला सगळ्यांत आवडतो. माल जिल्ह्याच्या भांडारात आला की प्रत्येक घाणीचा नमुना मुख्यालयात जातो. तिथे त्याच्यावरचे उत्पादकाचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालतात आणि मग तो प्रयोगशाळेत पाठवतात. तपासणाऱ्याला कळत नाही आपण कुणाचा माल तपासतो आहोत, आणि उत्पादकाला कळत नाही आपला माल कुठल्या प्रयोगशाळेत गेला. चाचणीत माल उतरला की देयक निघते. नापास झाला तर परत, आणि वारंवार झाले तर काळ्या यादीत नाव. एखाद्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर अशी तपासणी उभी करणे खर्चिक तर आहेच, पण ती टिकणारही नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

त्यात एक छोटी वाटणारी सुधारणा होती. पूर्वी गोळ्या सुट्या, डब्यांतून यायच्या आणि कागदाच्या पुडीतून रुग्णाच्या हातात पडायच्या. महामंडळाने त्या पट्टीत बंद करून मागवल्या आणि पट्टीवर ‘तामिळनाडू शासनाचा पुरवठा, विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा शिक्का छापून घेतला. एकट्यादुकट्या दवाखान्यासाठी कुठलाही कारखाना वेगळी पट्टी छापणार नाही. राज्याची मागणी एकत्र असल्यामुळे ती छापली गेली, आणि औषध मागच्या दाराने दुकानात जाणे अवघड झाले.

इथवर सारे एकत्र. मात्र उचल एकत्र केली नाही. प्रत्येक रुग्णालयाला, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एक पासबुक मिळाले. बँकेचे असते तसेच. वर्षाला त्या केंद्राच्या वाट्याला किती रुपयांची औषधे आहेत ते त्यात जमा. केंद्राने जिल्ह्याच्या भांडारातून आपल्याला हवी ती, हवी तेवढी औषधे उचलायची. तेवढी रक्कम पासबुकातून वजा. हिवतापाच्या पट्ट्यातले केंद्र एक उचलील, शहराजवळचे केंद्र दुसरे. मद्रासमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याने कुणाला काय लागेल याचा अंदाज बांधून माल ढकलायचा नाही. भांडारात साधारण तीन महिन्यांचा साठा ठेवायचा, आणि उचल कशी होते आहे ते संगणकावर पाहून मुख्यालयाने पुढची मागणी नोंदवायची. १९९५ मध्ये हे संगणकावर होते, हे लक्षात घ्या. शिवाय औषधांच्या एकूण तरतुदीपैकी १० टक्के रक्कम संस्थेच्याच हातात, अडीअडचणीच्या स्थानिक खरेदीसाठी.

म्हणजे भाव ठरवणे, तपासणे आणि पैसे चुकते करणे वर, तर काय हवे आणि केव्हा हवे हे ठरवणे खाली. ही वाटणी हेच त्या महामंडळाचे खरे बांधकाम आहे. केरळने २००७ मध्ये आणि राजस्थानने २०११ मध्ये ते थोड्याफार फरकाने उचलले. राजस्थानची मोफत औषध योजना २ ऑक्टोबर २०११ ला सुरू झाली ती याच पायावर.

तामिळनाडूत प्राथमिक आरोग्य केंद्रे राज्य सरकारच्या खात्याकडे आहेत आणि आपल्याकडे ती जिल्हा परिषदांकडे आहेत, हा फरक मी विसरलेलो नाही. उलट त्यामुळे पासबुकाची कल्पना आपल्याला अधिक लागू पडते. जिल्हा परिषद ही निवडून आलेली संस्था आहे. तिचा खरेदीचा अधिकार काढून मुंबईला नेला तर ती रागावणार, आणि त्यात तिचे चुकणार नाही. अधिकार तिच्याकडेच ठेवून भाव मात्र मिळून ठरवता येतो, हे पासबुक सांगते.

महाराष्ट्राने काय केले? २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांची औषधे आणि उपकरणे यांची खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. हेतू योग्य होता: वेगवेगळी खाती एकच औषध वेगवेगळ्या दराने घेत होती, ते थांबावे. हाफकिनचे नाव मोठे, पोलिओ लस आणि सर्पदंशावरील औषध बनवणारी सरकारी संस्था. पण लस बनवणे आणि हजारो प्रकारच्या वस्तू दुसऱ्यांसाठी विकत घेणे, ही दोन निराळी कौशल्ये आहेत. तक्रारी लवकरच सुरू झाल्या: मागणी नोंदवून महिनोन्‌महिने औषध येत नाही, पुरवठादारांची देयके थकली आहेत, रुग्णालये स्थानिक खरेदीवर दिवस काढत आहेत. विधिमंडळात त्यावर वारंवार गदारोळ झाला. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण हे स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३० हून अधिक रुग्ण दगावले. औषधांचा तुटवडा नव्हता असे प्रशासनाने सांगितले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंचे कारण खरेदीच होते असे मी म्हणणार नाही. मात्र रुग्णालयात औषध होते की नव्हते, या साध्या प्रश्नावर आपल्याला वाद घालावा लागतो, एवढे त्या प्रसंगातून दिसले.

दोन्ही राज्यांनी खरेदी एकत्र केली, मग फरक कशाने पडला? आपल्याकडे निविदा काढण्याचे काम एका जागी आणले. पासबुक, अंध तपासणी आणि वेळेवर देयक यांची सांगड मात्र त्याबरोबर बसली नाही. एकत्रीकरणाचा एक वाईट गुण असा, की ते अर्धवट केले तर काहीच न केल्यापेक्षा जास्त नुकसान होते. चौतीस ठिकाणी खरेदी असते तेव्हा चार ठिकाणी अडते, तीस ठिकाणी कशीबशी पार पडते. एकाच ठिकाणी असते तेव्हा एका टेबलावर फाइल थांबली की सगळे राज्य थांबते. भ्रष्टाचाराचेही तसेच. एका दारावर पहारा ठेवणे सोपे, हे खरे. पण त्या एका दारातून जाणारा मालही तेवढाच मोठा.

औषधांबाहेरचे एक उदाहरण घेतो, कारण त्यात पैशांचे आणि आवडीनिवडीचे, दोन्ही प्रश्न उघडे पडतात. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखालच्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या कंपनीने एलईडी दिव्यांची मागणी देशभरातून गोळा केली. जानेवारी २०१४ मध्ये तिला एक दिवा ३१० रुपयांना पडला होता. २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. जगभरच एलईडी त्या काळात स्वस्त होत होते, त्यामुळे सगळे श्रेय एकत्र मागणीला देणे बरोबर नाही. पण इतक्या वेगाने भाव पाडायला कारखानदारांना पुढच्या कोट्यवधी दिव्यांची खात्री हवी होती आणि ती या मागणीने दिली. जानेवारी २०१५ पासून हीच रीत पथदिव्यांना लावली. नगरपालिकेने एक पैसा आधी द्यायचा नाही. कंपनी दिवे लावणार, आणि वाचलेल्या विजेच्या पैशांतून नगरपालिकेने हप्ते फेडायचे. देशभर एक कोटीहून जास्त पथदिवे असे बदलले गेले. दिवे लागले, वीज वाचली, आणि हप्ते मात्र थकले. स्थानिक संस्थांकडची मोठी येणी त्या कंपनीला पुढे जड गेली. आठवून पाहा, तामिळनाडूत पैसे आधी पासबुकात जमा होतात आणि मग उचल होते. इथे उचल आधी झाली.

दुसरी गोष्ट मुंबईकरांना आठवेल. २०१५ च्या सुरुवातीला याच योजनेत मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे लावले गेले. राणीचा रत्नहार एका रात्रीत इस्पितळाच्या वऱ्हांड्यासारखा दिसू लागला. राजकीय पक्ष भांडले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि पुढे पिवळी छटा परत आली. त्या वेळी मला हा वाद उथळ वाटला नव्हता आणि आजही वाटत नाही. दिव्याचा भाव देशाने मिळून ठरवावा. त्याचा रंग त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी ठरवावा. यात काही विसंगती नाही, फक्त निविदेत दोन छटांची तरतूद आधी करून ठेवावी लागते.

शहरांनी एकमेकांशी बोलून मागणी जुळवणे किती जिकिरीचे असते, ते विजेवरच्या बसगाड्यांच्या खरेदीत दिसले. २०२१ मध्ये केंद्राने ४० लाखांहून जास्त लोकसंख्येची नऊ शहरे त्यासाठी निवडली. त्यांत मुंबई आणि पुणेही होते. प्रत्येक शहराच्या परिवहन उपक्रमाची गाडीची लांबी वेगळी, रोजचे हमी किलोमीटर वेगळे, दंडाची कलमे वेगळी. ती एका मसुद्यात बसवणे, हेच मुख्य काम होते. २०२२ मध्ये ५,४५० गाड्यांचे दर उघडले तेव्हा त्या मसुद्यावर पाच शहरे उरली होती: कोलकाता, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद आणि सुरत. बारा मीटरच्या साध्या उंचीच्या गाडीचा दर किलोमीटरला ४३.४९ रुपये आला, नऊ मीटरच्या गाडीचा ३९.२१ रुपये. डिझेलवर बस चालवण्याच्या खर्चापेक्षा हे पुष्कळ खाली होते. मुंबई आणि पुणे त्या पाचांत नव्हती. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांनी २००७ मध्ये आपल्या दोन बससेवा एक केल्या होत्या, त्यामुळे मिळून काम करण्याचा अनुभव तिथे नाही असेही म्हणता येत नाही.

मग जिल्हा परिषदांनी काय करावे, असे मला कुणी विचारले तर मी नवे महामंडळ मागणार नाही. महामंडळे आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्राधिकरण आता आहेच. त्याने दर करार करावेत, नाव झाकून नमुने तपासावेत आणि देयके ठरल्या दिवशी चुकती करावीत. ती चुकती करता यावीत म्हणून औषधांचे अनुदान वर्षाच्या सुरुवातीला जिल्ह्यांच्या नावावर जमा व्हावे, हप्त्याहप्त्याने नाही. ही अट लेखा विभागाला सर्वांत जड जाईल हे मला ठाऊक आहे, आणि तिच्याशिवाय बाकीचे सारे कागदावरच राहील असेही मला वाटते. वित्त विभाग म्हणेल, पैसे आधी दिले तर पडून राहतात. ते पडून राहिले तर पासबुकात दिसतील तरी. आज ते पुरवठादाराच्या वाढीव दरात लपून बसतात.

छोट्या कारखानदारांचे काय, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पात्रतेची उलाढाल फार वर नेली की एकत्र मागणीचा लाभ दोन-चार बड्यांनाच मिळतो, आणि पाच वर्षांनी तेच भाव सांगू लागतात. सर्वांत कमी दराशी जुळवून घेणाऱ्या इतरांना वाटा देण्याची तामिळनाडूची रीत त्यावर थोडाफार उतारा आहे, पुरता नाही. दर वर्षी निविदा नव्याने काढणे आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या गटांनुसार मागणी विभागणे, हे आणखी दोन उपाय. त्यांनी भाव थोडा चढेल, तो चढू द्यावा.

शेवटी उचलीबद्दल, कारण तिचे महत्त्व मुंबईत बसून कळत नाही. प्राझोसिन नावाची एक गोळी आहे. कुठल्याही यादीत ती रक्तदाबाच्या रकान्यात सापडेल, आणि रक्तदाबासाठी आता तिच्याहून बरी औषधे असल्यामुळे यादी आटोपशीर करणारी समिती तिच्यावर पहिल्या झटक्यात काट मारील. पण महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर ही गोळी वापरून माणसे वाचवली आणि ते काम १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. रायगड-रत्नागिरीतल्या केंद्राला ती लागते तेवढी नागपूरला लागणार नाही. केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याला हे माहीत असते. गेल्या वर्षी भातकापणीत विंचवाचे किती रुग्ण आले ते त्याच्या नोंदवहीत असते. यादी ठरवणाऱ्या समितीत तो, किंवा त्याच्यासारखा कुणी, बसला तर प्राझोसिन यादीत राहील. मग सप्टेंबरात तो आपले पासबुक घेऊन अलिबागच्या भांडारात जाईल आणि कापणीपुरत्या गोळ्या मोजून घेऊन येईल, त्यासाठी त्याला मुंबईला पत्र लिहावे लागणार नाही.